दाब, धर, सोड

१

हातोडीच्या हलक्या टोल्यांनी मागच्या चाकाचा ड्रम सुटला, आणि आत जे दिसलं ते पाहून चंद्रप्रकाश तावडेने आग्रा रोडवरच्या त्या गॅरेजवाल्याच्या सात पिढ्या मोठ्याने उद्धरल्या. पहिल्या मजल्यावरची एक खिडकी आपटून बंद झाली.

लायनर शूच्या लोखंडी कमानीला चिकटलेलाच नव्हता. ब्रेक दाबला की ड्रमला घासून चाक थांबवणारी ती पट्टी. ती एका टोकाला सुटून लोंबत होती, आणि तिच्यावर नख ओढलं तर बुटाच्या खोक्यासारखा पुठ्ठा निघत होता. "अस्सल कंपनीचा माल, साहेब," असं म्हणून त्या माणसाने खोक्यावरचा शिक्का दाखवला होता. शिक्का अस्सलच होता. आतला माल तेवढा चोराचा.

याच लायनरवर त्याची मुलगी जानकी गेल्या महिन्यात गाडी घेऊन उतारावरून निघाली होती. शेजारी तिची आई, सुगंधा. टेकडीवरची सोसायटी, फाटकाबाहेर पडलं की रस्ता सरळ खाली सुटतो तो आग्रा रोडवर, बस स्टॉपच्या आणि भाजीच्या हातगाड्यांच्या गर्दीत. या रस्त्याच्या मधोमध पाण्याच्या लाईनसाठी गेल्या दिवाळीत लांबलचक चर खणला होता. पाईप आला नाही, चर बुजवायलाही कोणी आलं नाही. एका बाजूला मातीचा ढीग, दुसऱ्या बाजूला भिंत. चराच्या दोन्हीकडे चाकं घालून, तोल सांभाळत गाड्या उतरायच्या. त्या दिवशी ब्रेकने दगा दिला तेव्हा जानकीने डोकं शाबूत ठेवून गाडी मातीच्या ढिगात घातली. ती वाचली. सुगंधाचा घोटा मोडला.

गॅरेजवाला म्हणाला, "पोरीने भलताच पाय दाबला असेल." चौकीवरच्या हवालदाराने तक्रार लिहून घेतली नाही, वर विचारलं, "मुलीच्या हातात गाडी द्यायचीच कशाला?" चंद्रप्रकाश बी.एस्सी. झालेला, विक्रोळीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचा सुपरवायझर, वॉर्ड ऑफिसपासून बेस्टपर्यंत सगळ्यांशी भांडून झालेला माणूस. चौकीतून घरी येताना त्याने ठरवलं: यापुढे या गाडीला परक्याचा हात लागणार नाही. आपल्या बायकोपोरीचा जीव ज्याच्यावर आहे ते काम आपणच करायचं.

आणि म्हणून हा रविवार. मे महिन्याचं ऊन, कंपाउंडमध्ये चिटपाखरू नाही, खिडक्याखिडक्यांतून क्रिकेटच्या मॅचची कॉमेंट्री.

२

काम त्याने शिस्तीत केलं. सपाट जागा पाहून गाडी उभी केली. पुढे-मागे टायरला विटा लावल्या, कारण मागचे शू काढायचे म्हणजे हँडब्रेकची वायर सोडावी लागते. जॅकने गाडी उचलली, पण जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही हे त्याच्या रक्तातच होतं. कारखान्यातून मागून आणलेल्या लोखंडी घोड्या त्याने चारी बाजूंनी गाडीखाली सरकवल्या आणि मगच खाली अंग घातलं. ड्रममधली काळी भुकटी त्याने फुंकली नाही. ओल्या फडक्याने टिपली, फडकं पिशवीत घातलं. नवे शू त्याने स्वतः लालबागला जाऊन, दुकानदारासमोर घासून, तासून पाहून आणले होते. स्प्रिंगा ताणून बसवल्या, सिलिंडरचं रबर बदललं.

राहिली फक्त हवा. नळ्या उघडल्या की ब्रेकच्या तेलात हवा शिरते, आणि हवा राहिली तर पेडल नुसतंच खाली जातं. ती काढायला दोन माणसं लागतात. एक वर, पेडलवर. एक खाली, चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, उघडायला.

"हे बघ," त्याने जानकीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून सांगितलं, "मी 'दाब' म्हटलं की दाबायचं आणि 'दाबला' म्हणायचं. 'धर' म्हटलं की धरून ठेवायचं. मी निपल बंद करून 'सोड' म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. उचललास तर हवा परत आत. सगळं पहिल्यापासून."

"आणि मला शिंक आली तर?"

"पाय दाबून शिंक."

"पप्पा, ही हुकूमशाही झाली. तुम्ही ना युनियनवाले?"

"गाडीखाली युनियन नसते. खालचा बोलणार, वरचा ऐकणार. खालच्याची बोटं यंत्रात असतात, मान चाकाखाली असते. माझे वडील लॉरीखाली झोपायचे आणि मी वर. ते 'उतर' म्हणाल्याशिवाय मी कधी उतरलो नाही. एकदा ते खाली काम करता करता झोपून गेले. बसून राहिलो मी!"

"धन्य आहात," जानकी म्हणाली. "उतरू?"

"आत्ता तर बसलीस, लगेच उतरतेस काय? मी सांगेपर्यंत नाही."

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून नानांनी डोकं काढलं. रिटायर्ड माणूस, मॅचमधल्या जाहिरातींच्या वेळात सगळ्या सोसायटीवर नजर ठेवणारा. "तावडे, गॅरेज टाकलंत वाटतं! आमच्या स्कूटरचं पण बघा की."

"तुमची स्कूटर भंगारात जाते आता, नाना. तिचं तेरावं बघा."

नाना खुशीत हसत आत गेले.

मागची दोन्ही चाकं झाली. "दाब." "दाबला." "धर." नळीतून बुडबुडे बाटलीत पळत. "सोड." मधूनच वरून लाडिक आवाज, "पप्पा, उतरू?" आणि खालून, "नाही." डाव्या बाजूचं पुढचं चाकही झालं. काम इतकं सुरळीत चाललं होतं की महिनाभरात पहिल्यांदाच चंद्रप्रकाशच्या कपाळावरची आठी उतरली.

आता शेवटचं चाक. ड्रायव्हरच्या बाजूचं, पुढचं.

३

या चाकामागे आडवं झालं की नजर आपोआप गाडीच्या तळाकडे जायची. ड्रायव्हरच्या पायांखाली तिथे वाटीएवढं गंजलेलं भोक होतं. वरून रबरी मॅट टाकलेली, तीही कडेला फाटलेली. गाडी त्याने जुनीच घेतली होती. विकणारा एजंट म्हणाला होता, "पावसाचं पाणी, साहेब. मुंबईत कुठली फियाट गंजत नाही?" चंद्रप्रकाशने आयुष्य लोखंडात काढलेलं. पावसाने गंजलेलं लोखंड आणि खाऱ्या पाण्यात राहिलेलं लोखंड यांतला फरक त्याला कळत होता. तळ बारीक भोकाभोकांनी पोखरलेला होता; ही गाडी कधीतरी खाडीच्या पाण्यात पडून होती. जगाशी भांडणारा हा माणूस त्या दिवशी मात्र गप्प बसला. सुगंधाला गाडी आवडली होती.

"दाब," तो म्हणाला.

"दाबला."

निपल उघडलं. तेल जोरात आलं. बुडबुडा एकही नाही. मागच्या चाकांना इतका दाब आला नव्हता. पोरीचा पाय आता बसला, त्याला वाटलं.

"धर. ... सोड."

निपल आवळून तो उठला, चाक हाताने फिरवलं. बॉनेट उघडं होतं, त्यामुळे पुढून आत काही दिसत नव्हतं. "दाब," तो उभ्यानेच म्हणाला.

चाक फिरतच राहिलं.

"जानकी, दाब म्हटलं ना! झोपलीस काय?"

चाक फिरत फिरत आपोआप थांबलं. शू लागल्याचा आवाज नाही. तो चरफडत पुन्हा आडवा झाला, नळी नीट आहे का पाहायला. एका हाताने चाक फिरवलं आणि पुटपुटला, "दाब."

खट्. चाक जागच्या जागी आवळलं गेलं.

"दाबला."

"सोड." चाक सुटलं.

तो उठला. उभ्याने म्हणाला. चाक मोकळं. वाकून म्हणाला, मोकळं. गाडीच्या तळाखाली डोकं घालून म्हणाला. खट्.

"काय चेष्टा लावलीय गं?" तो ओरडला आणि तरातरा जाऊन दार उघडलं.

सीटवर कोणी नव्हतं. उन्हाने तापलेल्या रेक्झिनचा वास तेवढा आला.

"काय झालं पप्पा?" आवाज वरून आला. तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत जानकी उभी होती. हातात पाण्याचा तांब्या.

"तू वर कधी गेलीस?"

"मघाशीच! मागची चाकं झाल्यावर लगेच, आईने हाक मारली म्हणून. तिचा पाय ठणकतोय. तुम्हाला ओरडून सांगितलं की मी. तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हटलं ऐकलं असेल."

"'उतर' म्हटलं होतं मी?"

"नाही. पण आई हाका मारत होती ना!"

खिडक्याखिडक्यांतून एकदम आरडाओरडा झाला. कुणीतरी आउट झालं असावं.

४

माणसाची बुद्धी अशा वेळी वकिलासारखी धावते. चंद्रप्रकाशची तर धावणारच. पेडलमागच्या मास्टर सिलिंडरमध्ये दाब अडकला असणार, नवीन रबर आहे, फुगलं असेल. उन्हाने तेल तापलं की पसरतं. राहिला आवाज, मॅच चाललेली, पन्नास घरांतून माणसं बोलतायत, ज्याला जे ऐकायचं ते ऐकू येतं. शेवटच्या दोन चाकांना पेडल कोणी दाबलं, या प्रश्नापाशी मात्र वकील थोडा अडखळला आणि पुढच्या मुद्द्यावर गेला.

हातांना काम दिलं की डोकं ठिकाणावर येतं, हा त्याचा अनुभव. त्याने मागची चाकं चढवली, नट आवळले, घोड्या काढल्या, गाडी जमिनीवर घेतली, विटा पुन्हा लावल्या, नट पुन्हा आवळले. बॉनेट लावलं. हँडब्रेकची वायर राहिली होती. ती शेवटी.

फाटकातून सोनूबाई आत आली. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली म्हातारी, रविवारी सकाळपासून टेकडीवरच्या सोसायट्यांत मासळी विकून, रिकामी पाटी घेऊन उतरताना इथल्या नळावर हातपाय धुवायची. आज ती नळाजवळून सरळ त्याच्याकडेच आली. रागात होती.

"काय रं तावडे, पोरीला काय वलन लावलंस का नाय?"

"का? काय केलं तिने?"

"मगाशी वर जाताना मी बोलली तिला, बाय, घोटभर पानी दे गो. उन्हान जीव चाल्ला माजा. बसली आपली गाडीन पुतल्यावानी. मान पन फिरवली नाय."

चंद्रप्रकाश पाना पुसत होता. तो पुसतच राहिला. "जानकी वर आहे, सोनूबाई."

"आता असंल. मी आताचं बोलतंय का?" मग तिने आवाज खाली आणला. "आनि तिला सांग, वल्ल्या पायान गाडीन बसू नको. खाली सगला चिखल केलाय."

"कसला चिखल?"

"खाडीचा," ती म्हणाली, आणि हा काय विचारायचा प्रश्न झाला, अशा नजरेने बघितलं. जन्मभर त्या चिखलात उभी राहिलेली बाई. तिला वास पुरत होता.

ती नळावर गेली. त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून मॅट उचलली. खाली कोरडी धूळ होती, आणि ते भोक.

"कुठाय चिखल?" त्याने ओरडून विचारलं.

पण नळाचं पाणी जोरात वाहत होतं, आणि म्हातारीला ऐकू गेलं नाही.

५

तो सीटवर बसला. काही नाही, पेडल दाबून बघायचं, बस. नवीन शू, नवं रबर, बुडबुडा नसलेलं तेल. पेडल दगडासारखं लागायला हवं.

पेडल तळाला गेलं. सरळ. अंधारात पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं. त्याने पुन्हा दाबलं, भराभर पंप केलं. खाली काहीच नव्हतं.

मनाच्या एका कोपऱ्यात त्याला हायसंच वाटलं. ही भाषा त्याला येत होती. गळती. कुठला तरी जोड सुटलाय. तो बाहेर आला, चारी चाकांच्या आत पाहिलं. कोरडी. बॉनेट उघडून तेलाची डबी पाहिली. काठोकाठ. त्याने बॉनेट लावलं.

मग तो गाडीच्या कडेला, तापलेल्या फरशीवर पाठ टेकून आडवा झाला आणि दाराखालून डोकं आत सरकवलं. वर अंधुक तळ, नळ्या, आणि ते भोक. मॅटच्या फाटक्या कडेतून आतला उजेड येत होता. गाडी रिकामी होती. आत्ताच तो स्वतः त्यातून उतरला होता.

बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर यंत्राची तपासणी केली त्याला एक गोष्ट सोडवत नाही: खात्री.

"दाब," तो म्हणाला.

डोक्यावर सीटची स्प्रिंग कुरकुरली. जानकी बसली की कुरकुरायची तशीच. पुढच्या चाकात खट् झालं.

"दाबला."

जानकीचा आवाज. तिचा लाडिकपणा वगळून उरेल तो.

भोकातून येणारा उजेड गेला होता. तिथे आता काहीतरी टेकलेलं होतं. पांढरं. फार वेळ पाण्यात राहिलेल्या कातडीला पडतात तशा सुरकुत्या, आणि सुरकुत्यांत काळी रेघ. ती टाच होती. तिच्या कडेने एक थेंब जमला, लांबला आणि त्याच्या ओठांवर पडला.

ब्रेकचं तेल कसं लागतं ते त्याला ठाऊक होतं. हे खारट होतं.

तो बाहेर कसा निघाला हे त्याला नंतर आठवलं नाही. दंड सोलला गेला एवढंच. तो 'सोड' म्हणाला नाही. 'उतर' तर नाहीच. वरच्याला तसाच पेडलवर बसवून खालचा पळाला, ही गोष्ट त्याच्या वडिलांनी कधी केली नसती.

फाटकापाशी तो थांबला, शर्टाने तोंड पुसलं. वर जाऊन काय सांगायचं? सुगंधा हसली नसती, तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. जानकीला सांगायचं, की तू उतरलीस आणि तुझ्या जागी? मास्टर सिलिंडर, त्याने स्वतःला बजावलं. खाली आग्रा रोडवर स्पेअर पार्टचं दुकान आहे, सिलिंडरचा किट आणायचा. किल्ली त्याच्या खिशात होती. तो उतार उतरू लागला, आणि चराच्या कडेने जवळजवळ धावतच गेला.

६

दुकान बंद होतं. रविवार. हे त्याला घरून निघतानाच माहीत होतं.

बंद शटरसमोर तो उभा राहिला. सूर्य कलला होता, बस स्टॉपवर रांग लागली होती, भाजीवाल्यांचा गलका सुरू झाला होता. या साध्यासुध्या आवाजांत त्याला श्वास घेता आला, आणि पहिल्यांदाच नीट विचार करता आला. गाडीची बॅटरी काढून ठेवायची. चाकांतली हवा सोडायची. मग कोणी गाडी काढायचा प्रश्नच नाही. उद्या भंगारवाल्याला बोलवायचं, नानांच्या स्कूटरबरोबर. हे पळण्याआधी का सुचलं नाही?

आणि मग आठवलं. खिशात किल्ली होती ती एक. दुसरी जानकीच्या पर्समध्ये.

तो चढ चढू लागला. अर्ध्यावर आला असेल, तेव्हा वर फाटकातून गाडी बाहेर पडताना दिसली.

नंतर लोकांनी सांगितलं ते एवढंच, की सुगंधाच्या प्लास्टरबाहेरची बोटं निळी पडली, पाय सुजून प्लास्टर करकचलं, ती किंचाळायला लागली. नानांनी आणि आणखी दोघांनी तिला खुर्चीत बसवून जिना उतरवला. गाडी जमिनीवर उभी, चाकं चढवलेली, पप्पांचं काम झालेलं. जानकीने विटा पायाने सारल्या. यात तिचं काय चुकलं?

गाडी चराच्या दोन्हीकडे चाकं घालून उताराला लागली. आधी हळू. मग हॉर्न वाजला, आणि वाजतच राहिला.

"दाब!" चंद्रप्रकाश रस्त्याच्या मध्ये उभा राहून दोन्ही हात वर करून ओरडला. "जानकी, दाब!"

काचेमागे तिचा चेहरा दिसला. ती सीटवरून अर्धी उठून, सगळं वजन टाकून दाबत होती. हँडब्रेक ओढत होती, ज्याची वायर तिच्या बापाने शेवटी लावायची म्हणून ठेवली होती. गिअर दात खात होता. शेजारी सुगंधाने दोन्ही हात पुढे टेकवले होते. मातीचा ढीग गेल्या महिन्यातच कोणीतरी आपल्या बांधकामाला उचलून नेला होता. आता तिथे लोकांच्या घरांची दारं होती, आणि दारात मुलं. खाली बस स्टॉपची रांग.

उभ्याने सांगून उपयोग नव्हता. हे त्याने स्वतःच तपासलं होतं.

तो चरात उतरला. चर कंबरेएवढाही खोल नव्हता, तळाला दगड आणि कचरा. तो उताणा झाला, हात छातीशी घेतले. आभाळ दिसलं. मग जमीन थरथरली, टायरांचा आवाज दोन्ही कानांशी आला, आणि आभाळ गेलं.

"दाब!"

"दाबला."

चारी चाकं एकदम आवळली. जळक्या रबराचा धूर चरात भरला, गाडी फरफटत थोडी पुढे गेली आणि थांबली. बरोबर त्याच्यावर. वाटीएवढं भोक त्याच्या चेहऱ्याच्या वर होतं.

"धर," तो म्हणाला. मग पुन्हा, "धर."

"धरला."

मग फक्त पाय दिसू लागले. दारं उघडली. जानकीच्या चपला रस्त्यावर टेकल्या, गाडीला वळसा घालून धावल्या. दुसऱ्या बाजूने सुगंधाचं पांढरं प्लास्टर, आणि तिला उचलणाऱ्यांचे पाय. नानांच्या रबरी सपाता. सोनूबाईचे अनवाणी, रुंद पंजे. ते जवळ आले, आणि एकदम मागे सरले. दगड आणून चाकांना लावल्याचे आवाज.

"तावडे! जिवंत आहात ना हो?" नाना वाकले होते, चेहरा उलटा दिसत होता. "दगड लावलेत चारी चाकांना. या बाहेर. काय माणूस आहात, राव! बायकोपोरीला वाचवलंत."

"सुगंधाला न्या," तो म्हणाला. "रिक्षा बघा. लांब न्या. जानकीला पण."

"मी नाही जाणार!" चपला त्याच्या डोक्यापाशी येऊन थांबल्या. ती रडत होती आणि चिडली होती, अगदी त्याच्यासारखी. "नाना, आईला तुम्ही न्या. पप्पा बाहेर आल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"जानकी, जा म्हणतो ना!"

"नाही!"

तो वर पाहू लागला. टाच तिथे होती. पेडल दाबून, इमानाने. थेंब जमत होता. त्याला आता सगळं अगदी सोपं दिसलं, एखाद्या यंत्राच्या नकाशासारखं. दगडांनी गाडी धरली असेल, नसेल. प्रश्न गाडीचा राहिलाच नव्हता. वरचा खालच्याचं ऐकतो. खालचा 'उतर' म्हणाला की उतरतो. उतरला की दारातून रस्त्यावर पाय ठेवतो, तिथे, जिथे जानकीच्या चपला उभ्या होत्या. आणि खालचा काही न बोलता निघून गेला तर काय होतं, ते त्याने आज दुपारी पाहिलं होतं. वरचा पाय ढिला सोडतो, पण उतरत नाही; बसून राहतो, पुढच्या पोरीच्या पायाखाली.

तेव्हा निघायचं नाही. 'उतर' म्हणायचं नाही. दुसरा मार्ग नव्हता, आणि हाही किती वेळ टिकणार?

"धर," तो म्हणाला.

"धरला."

"बडबडतोय," बाहेर कोणीतरी म्हणालं. "डोक्याला लागलंय. ओढून काढा त्याला. पाय धरा."

चार-पाच हातांनी त्याच्या पोटऱ्या पकडल्या. त्याने वर हात घालून तापलेला पाईप धरला. तळहात चरचरला. त्याने सोडला नाही. "नको! जानकी, सांग त्यांना! तू लांब जा!"

"ओढा!" जानकी ओरडली. "जोर लावा ना!"

त्याची एक पकड सुटली. तो हातभर खाली घसरला. भोक आता त्याच्या डोळ्यांमागे, मान ताणून बघावं लागेल इतकं. त्याने मान ताणली. टाच थोडी उचलली गेली होती. जसा पाय अवघडला की माणूस उचलून बघतो, परवानगी आहे का म्हणून.

बाहेर चपला रस्त्यावर आपटत होत्या, जानकी लोकांवर ओरडत होती. आणि वरून, त्याच्या चेहऱ्याशी अगदी जवळ, तोच आवाज आला, आणि या वेळी त्यात लाडही होता.

"पप्पा, उतरू?"